गेलेला 'आयटिस' परत आला: मधुमेहींचा डोळा आणि रक्तातल्या दाहाची गोष्ट

नेहमीप्रमाणे भागाचं लेखी रूप इथे देतोय. बोलताना घसरलेली दोन-चार वाक्यं नीट केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा भाग जरा घरातला आहे. माझे एक मामा आहेत, निवृत्त शिक्षक. चौदा वर्षं मधुमेह. माणूस शिस्तीचा, गोळ्या वेळेवर, सकाळचं चालणं चुकत नाही. दरवर्षी वाढदिवसाच्या सुमारास ते रक्ताचं ते मोठं 'फुल बॉडी' पॅकेज करून घेतात आणि रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी डॉक्टर नाही, पण विज्ञानाच्या इतिहासावर बडबड करतो, त्यामुळे घरात मला अर्धा डॉक्टर समजतात. गेल्या वर्षीच्या रिपोर्टात 'एचएस-सीआरपी' नावाची एक ओळ होती. आकडा १ च्या खाली, म्हणजे उत्तम. मी फोनवर म्हणालो, "मामा, अंगात कुठे दाह नाही तुमच्या. आतून एकदम थंड आहात."

डोळ्याच्या पडद्याची तपासणी तेव्हा तीन वर्षं राहिलेली होती. "ते थेंब घालतात, मग दिवसभर धड दिसत नाही, गाडी चालवता येत नाही," हे त्यांचं कारण. माझं बोलणं ऐकून ती आणखी एक वर्ष राहिली. या मार्चमध्ये एका सकाळी त्यांना उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगताना दिसले आणि दुपारपर्यंत सगळंच धुरकट झालं. डोळ्यात रक्तस्राव झाला होता. दोन्ही पडद्यांवर नको त्या नवीन रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. डावा डोळा लेझरने सावरला. उजव्याने आता फक्त माणसाचा आकार कळतो. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. मामी तेवढं म्हणाल्या, "तू सांगितलंस ना सगळं चांगलं आहे, म्हणून ते निर्धास्त होते."

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसलाय. मधुमेहात डोळ्याचा पडदा खराब होतो तो दाहामुळे की नाही? आणि दाहामुळे असेल, तर रक्तातल्या दाहाच्या आकड्याने तो सांगितला का नाही? उत्तर शोधायला मागे जावं लागलं, पार १८५१ पर्यंत.

आधी डोळ्यात डोकवायची सोय

त्याआधी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय चाललंय हे कोणी नीट पाहिलेलं नव्हतं. बाहुली काळी दिसते, कारण आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने बाहेर येतो, आणि पाहणाऱ्याचं डोकं त्या वाटेत आडवं येतं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने काचांची एक साधी जुळणी करून ही अडचण सोडवली आणि १८५१ साली आपलं नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवलं. आज डोळ्याचे डॉक्टर हातात घेऊन आत डोकावतात त्या यंत्राचा हा पूर्वज.

चारच वर्षांत, १८५५ मध्ये, व्हिएन्नाच्या एडुआर्ड फॉन येगर याने मधुमेही रुग्णाच्या पडद्यावर दिसलेले बदल नोंदवले. हा येगर पडद्याची चित्रं स्वतः रंगवायचा, तीही इतकी बारकाईने की आजही बघत राहावं. पण त्याचं म्हणणं लगेच कोणी मानलं नाही. बर्लिनचा आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे म्हणजे त्या काळातलं नेत्रवैद्यकातलं सर्वांत मोठं नाव. त्याने शंका घेतली की मधुमेहाचा आणि या बदलांचा थेट संबंध कशावरून? मूत्रपिंडाच्या आजारातही पडदा खराब होतो हे माहीत होतं. मग हा त्याचाच प्रकार नसेल कशावरून?

१८७२ मध्ये लंडनच्या एडवर्ड नेटलशिपने मधुमेही रुग्णाच्या पडद्याला आलेल्या सुजेवर निबंध लिहिला आणि ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पुरावा दिला. १८७६ मध्ये विल्हेल्म मान्झने पडद्यावरून पुढे वाढणाऱ्या नव्या वाहिन्यांचं आणि त्यांच्याबरोबरच्या पापुद्र्याचं वर्णन केलं. माझ्या मामांच्या डोळ्यात झालं ते हेच. मग १८९० मध्ये बर्लिनच्या युलियस हिर्शबर्गने या सगळ्याचे प्रकार पाडून मांडणी केली.

आता इथे एका शब्दाकडे लक्ष द्या. ही सगळी मंडळी या आजाराला 'रेटिनायटिस' म्हणत होती. 'आयटिस' हे शेपूट आपल्या ओळखीचं आहे: टॉन्सिलायटिस, ब्राँकायटिस, आर्थरायटिस. ते जिथे लागतं तिथे दाह आहे, असा अर्थ. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी मधुमेही पडदा बघून नावातच सांगून टाकलं होतं की इथे दाह आहे.

त्यांच्याकडे पुरावा होता का? खरं सांगायचं तर नव्हता. दाहाची जुनी ओळख रोमन लेखक सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवलेली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पडद्यावर लाल ठिपके दिसत होते, सूज दिसत होती. चारातल्या दोन खुणा मिळाल्या, मग लाव 'आयटिस'. उरलेल्या दोन खुणा पडद्यात सापडणारच नव्हत्या. पडद्याला दुखतच नाही. हा आजार इतका चोरपावलांनी येतो त्याचं एक मोठं कारण हेच.

नाव बदललं

१९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॅगनर आणि वाइल्डर यांनी मधुमेही पडद्यावर लेख लिहिला, तेव्हाही मथळ्यात 'रेटिनायटिस' होतंच. गंमत म्हणजे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट कुत्र्यांवर प्रयोग करत होते आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या मुलाला पहिलं इन्शुलिन मिळालं.

इन्शुलिनने माणसं वाचवली, पण त्याबरोबर एक नवीन गोष्ट समोर आली. पूर्वी तरुण मधुमेही वर्षा-दोन वर्षांत दगावायचे. पडदा खराब व्हायला पुरेसा वेळच मिळत नव्हता. आता ते दहा, पंधरा, वीस वर्षं जगू लागले आणि डोळ्यांच्या दवाखान्यांत येऊ लागले. क्वचित दिसणारी गोष्ट रोजची झाली.

मग बारकाईने पाहणं आलं. १९४० च्या दशकात ग्लासगोमध्ये बॅलंटाइन आणि लोवेनस्टाइन यांनी पडद्याच्या केशवाहिन्यांवरचे बारीक फुगवटे दाखवले. पडद्यावर दिसणारे ते लाल ठिपके पुष्कळदा रक्ताचे थेंब नसतात, ते वाहिनीला आलेले फुगे असतात. म्हणजे मधुमेहाचा पडद्याशी स्वतःचा संबंध आहे, मूत्रपिंडाकडे किंवा रक्तदाबाकडे बोट दाखवून भागणार नाही. येगरचं म्हणणं जवळजवळ नव्वद वर्षांनी पक्कं झालं.

१९६० च्या आसपास बोस्टनमध्ये कुवाबारा आणि कोगन यांनी एक भन्नाट युक्ती काढली. मृत्यूनंतर मिळालेला पडदा ट्रिप्सिन या पाचक विकरात ठेवायचा. मज्जापेशी, बाकीची ऊती विरघळून जाते आणि हातात उरते ती फक्त रक्तवाहिन्यांची जाळी, पिंपळाचं पान कुजल्यावर शिरांची नक्षी उरते तशी. त्या जाळीत त्यांना दिसलं की मधुमेहात केशवाहिनीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या आधारपेशी आधी मरतात. मग भिंत ढिली पडते, फुगे येतात, काही वाहिन्या रिकाम्या होऊन बंद पडतात.

हे काम फार मोठं होतं. पण त्याबरोबर सगळ्यांचं लक्ष नळ्यांवर खिळलं. आजार म्हणजे प्लंबिंगचा बिघाड. साखरेने नळ्या गंजतात, गळतात, तुंबतात. दाहाची कल्पना मागे पडली. नावातलं 'आयटिस' तर त्याआधीच गेलं होतं. त्या जागी 'ओपॅथी' आलं होतं. 'रेटिनोपॅथी', म्हणजे नुसतं 'पडद्याचा विकार'. कशामुळे, ते नावाने सांगायचं नाही. सावध शब्द, आणि त्या वेळच्या पुराव्याला धरून प्रामाणिकही.

तोवर रक्ताच्या प्रयोगशाळेत

आता गोष्टीचा दुसरा धागा. दाह डोळ्याने दिसला नाही तरी रक्तात त्याची खूण सापडेल, ही कल्पना वेगळ्याच माणसांची.

पहिलं नाव पोलंडच्या एडमुंड बिएरनात्स्कीचं. १८९७ मध्ये त्याने दाखवलं की रक्त नळीत उभं ठेवलं की तांबड्या पेशी खाली बसतात, आणि आजारी माणसाच्या त्या लवकर बसतात. पुढे स्वीडनमध्ये फोरेयुस आणि वेस्टरग्रेन यांनी ती चाचणी घडवली. आपल्या रिपोर्टातलं 'ईएसआर' ते हेच.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. १९३० साली रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस न्यूमोनियाच्या जंतूवर काम करत होते. जंतूचे वेगवेगळे घटक काढून ते रुग्णांच्या रक्तद्रवात मिसळून पाहायचे. त्यातल्या 'सी' नावाच्या घटकाशी आजारी माणसाचा रक्तद्रव गढूळ व्हायचा. माणूस बरा झाला की तोच प्रयोग फसायचा. म्हणजे आजारपणात रक्तात काहीतरी येत होतं आणि बरं झाल्यावर जात होतं. 'सी'शी प्रतिक्रिया देणारं प्रथिन म्हणून पुढे त्याचं नाव पडलं 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', म्हणजेच सीआरपी.

हे प्रथिन यकृत बनवतं. शरीरात कुठेही दाह पेटला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ सारखे निरोप रक्तात सोडतात, यकृत ते वाचतं आणि सीआरपी ओतायला लागतं. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे: सीआरपी हे यकृताचं उत्तर आहे. निरोप यकृतापर्यंत पोचला तरच ते मिळतं.

पुढची काही दशकं सीआरपी म्हणजे जंतुसंसर्ग आणि संधिवात यांचं मोजमाप होतं. मधुमेह, डोळा, हृदय यांच्याशी त्याचं काही देणंघेणं आहे असं कोणाला वाटलं नव्हतं.

संधिवाताच्या रुग्णांनी दिलेली हूल

१९६४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पॉवेल आणि फील्ड यांचा एक छोटा लेख आला. ज्यांना मधुमेह आणि आमवात दोन्ही आहेत, अशा लोकांचे पडदे त्यांनी पाहिले. ही माणसं सांध्यांसाठी वर्षानुवर्षं ॲस्पिरिनच्या जातीची औषधं घेत होती. त्यांच्यात पडद्याचा विकार अपेक्षेपेक्षा कमी दिसला.

विचार करा, केवढा मोठा इशारा होता हा! दाह कमी करणारं औषध आणि वाचलेला पडदा. पण एकटंदुकटं निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. त्याची परीक्षा झाली ती अमेरिकेच्या एका मोठ्या चाचणीत, जिचं नाव 'ईटीडीआरएस'. १९८० ते १९८५ या काळात ३,७११ रुग्ण घेतले गेले. निम्म्यांना रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना बिनऔषधी गोळी. १९९१ मध्ये निकाल आला. ॲस्पिरिनने पडद्याचा विकार रोखला नाही. वाढवलाही नाही, डोळ्यातला रक्तस्रावही वाढला नाही.

ॲस्पिरिन घेणाऱ्या मधुमेहींसाठी ही दिलासा देणारी बातमी होती. पण दाहाच्या कल्पनेसाठी दार बंद झाल्यासारखं झालं. फार थोड्यांनी विचारलं की आमवाताचे रुग्ण घेत होते तो डोस किती आणि चाचणीतला किती. सांध्यांसाठी तेव्हा दिवसाला काही ग्रॅम ॲस्पिरिन दिलं जायचं, म्हणजे कितीतरी पट. शिवाय चाचणीतल्या लोकांचा पडदा आधीच बिघडलेला होता. बी पेरताना पाऊस हवा होता, पीक वाळल्यावर शिंपडून काय होणार? पुढे २००१ मध्ये कर्न आणि एंगरमन यांनी मधुमेही कुत्र्यांना पाच वर्षं ॲस्पिरिन दिलं, तेव्हा पडद्यातले सुरुवातीचे काही बदल कमी झालेले दिसले. पण माणसांना इतकं ॲस्पिरिन इतकी वर्षं द्यायचं म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण. म्हणून हे ऐकून कोणी आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका, हे इथेच सांगून ठेवतो.

चिकटलेल्या पांढऱ्या पेशी

ज्या १९९१ मध्ये ॲस्पिरिनचा निकाल आला, त्याच वर्षी श्रोडर आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांच्या पडद्यात एक गोष्ट दाखवली. बंद पडलेल्या केशवाहिन्यांमध्ये पांढऱ्या पेशी अडकलेल्या होत्या. नळी नुसती गंजली नव्हती, तिच्यात बूच बसलं होतं, आणि ते बूच म्हणजे शरीराचा शिपाई.

पांढरी पेशी मुळातच तांबड्या पेशीपेक्षा जाड आणि ताठ. केशवाहिनीतून जाताना तिला अंग चोरून जावं लागतं. भिंत गुळगुळीत असेल तर जाते. पण भिंतीच्या आतल्या पेशींनी 'आयकॅम-१' नावाचं चिकट प्रथिन वर काढलं की ती अडकते. आयकॅम वर येतं ते दाहाचा निरोप मिळाल्यावर. १९९५ मध्ये मधुमेही माणसांच्या डोळ्यांतही ते वाढलेलं आढळलं. १९९९ मध्ये बोस्टनमध्ये मियामोतो, ॲडमिस आणि सहकाऱ्यांनी मधुमेही उंदरांत आयकॅम अडवून दाखवलं: पांढऱ्या पेशी चिकटणं कमी झालं आणि वाहिन्यांची गळतीही कमी झाली. २००४ मध्ये युसेन आणि सहकाऱ्यांच्या लेखाने तर मथळ्यातच म्हटलं की या आजारात दाहाची भूमिका मध्यवर्ती आहे.

म्हणजे बघा. १८९० मध्ये नावात दाह होता, पुरावा नव्हता. पुढे पुरावा नाही म्हणून नावातून दाह काढला. आणि २००४ पर्यंत पुरावा आला, तेव्हा नावात दाह नव्हता. हिर्शबर्गची पिढी बरोबर निघाली, पण कारण माहीत नसताना. मला वाटतं इतिहास वाचायची खरी मजा इथे आहे, आणि धोकाही. "बघा, जुनी माणसं शहाणी होती" असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. ती शहाणी होतीच, पण या बाबतीत त्यांचा अंदाज लागला, एवढंच.

मग आकड्यांचा सुकाळ

याच काळात सीआरपीचं नशीब उजळलं. अगदी थोडं सीआरपीही मोजता येईल अशी संवेदनशील चाचणी आली, तीच 'एचएस-सीआरपी'. १९९७ मध्ये पॉल रिडकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की वरवर निरोगी पुरुषांत सीआरपी किंचित जास्त असलं तरी पुढे हार्ट अटॅकचा धोका जास्त असतो. २००३ मध्ये अमेरिकेत पट्टे ठरले: लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. मामांच्या रिपोर्टाच्या कडेला छापलेले पट्टे तेच. ते हृदयाच्या धोक्यासाठी ठरले होते. डोळ्यासाठी कोणीच ठरवले नव्हते. मी मात्र ते सगळ्या अंगाला लावून मोकळा झालो.

मधुमेहाच्या बाजूनेही दाह पुढे येत होता. १९९३ मध्ये होटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी दाखवलं की लठ्ठ उंदरांची चरबी टीएनएफ नावाचा दाहाचा निरोप सोडते आणि त्याने इन्शुलिनचा परिणाम मंदावतो. चरबी म्हणजे नुसतं गोदाम नाही, ती बोलते. हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तोच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला सडपातळ आणि आतून चरबीचा, हे त्या एका फोटोने जगाला पटवलं. पुढे २००८ मध्ये याज्ञिकांच्या गटाने पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले पुरुष घेऊन चरबी, दाहाच्या खुणा आणि साखर या तिन्ही गोष्टी एकत्र तपासल्या.

साहजिकच पुढचा प्रश्न आला: रक्तातल्या या खुणांवरून पडद्याचं भविष्य सांगता येईल का? २००५ मध्ये नेदरलँड्समधल्या होर्न शहराच्या अभ्यासात सीआरपी आणि आयकॅम-१ यांचा पडद्याच्या विकाराशी संबंध दिसला. अमेरिकेत 'डीसीसीटी' ही प्रसिद्ध चाचणी १९९३ मध्ये संपली होती. तिच्यात टाइप १ चे १,४४१ मधुमेही होते, आणि कडक साखर नियंत्रणाने पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला, हा तिचा मोठा निकाल. त्या लोकांचं सुरुवातीचं साठवलेलं रक्त वीसेक वर्षांनी संशोधकांनी पुन्हा काढलं. ज्यांच्यात सीआरपी जास्त होतं, त्यांच्यात पुढे पडद्याच्या मध्यभागी सूज येण्याचं प्रमाण जास्त निघालं. पण सिंगापूरमधल्या मलय लोकांच्या अभ्यासात उलटंच चित्र दिसलं, सीआरपी जास्त असलेल्यांत पडद्याचा विकार कमी. आता काय म्हणणार?

गेल्या काही वर्षांत आणखी स्वस्त खुणा आल्या. साध्या सीबीसी रिपोर्टातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा भागाकार करायचा, न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. वेगळा खर्च नाही. म्हणून जगभर यावर लेखांचा पाऊस पडतोय. त्यातल्या बऱ्याच लेखांत थोडे रुग्ण, एकच दवाखाना, एकदाच घेतलेलं रक्त. गटागटांमध्ये फरक दिसतो. पण गटात फरक दिसणं वेगळं आणि समोर बसलेल्या एका माणसाला "तुझा डोळा ठीक आहे" असं सांगता येणं वेगळं.

तर मामांच्या रक्ताने का सांगितलं नाही?

आता तो यकृताचा मुद्दा आठवा. पडदा म्हणजे पोस्टाच्या तिकिटाएवढी ऊती. तिच्या वाहिन्यांच्या भिंतींमध्ये एक कडक बंदोबस्त असतो, रक्तातलं वाटेल ते आत येऊ देत नाही आणि आतलं सहज बाहेर जाऊ देत नाही. जपानमध्ये फुनात्सु आणि सहकाऱ्यांनी डोळ्याच्या आतलं पाणी तपासलं, तेव्हा दाहाचे निरोप डोळ्यात भरपूर सापडले. डोळ्यात आरडाओरडा चालू असतो, पण तो यकृतापर्यंत पोचण्याइतका मोठा नसतो.

उलट बाजूने, सीआरपी वाढवायला काहीही पुरतं. हिरडी सुजली, सर्दी झाली, पोटावर चरबी असली, गुडघा दुखला. गावच्या टाकीतल्या पाण्याची पातळी बघून कुठल्या घरचा नळ गळतोय हे सांगता येत नाही, तसंच आहे हे.

आणि तिसरी गोष्ट मला फार उशिरा सुचली. मामा कोलेस्टेरॉलची गोळी घेतात, स्टॅटिन. स्टॅटिनने सीआरपी उतरतं. २००८ च्या 'ज्युपिटर' चाचणीत रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांचं सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरलं होतं. म्हणजे मामांचा तो सुंदर आकडा थोडाफार गोळीने आणलेला असणार. रिपोर्टावर हे कुठे छापलेलं नसतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

मग दाहाचं ज्ञान फुकट गेलं का? नाही. ते रक्ताच्या रिपोर्टात कमी आणि डोळ्याच्या इंजेक्शनमध्ये जास्त उपयोगी पडलं. १९९४ मध्ये ऐएलो आणि सहकाऱ्यांनी मधुमेहींच्या डोळ्यातल्या द्रवात व्हीईजीएफ हे वाहिन्या फोडणारं आणि गळवणारं प्रथिन दाखवलं. त्याला अडवणारी इंजेक्शनं आज डोळ्यात दिली जातात. पण काही रुग्णांच्या पडद्याची सूज त्याने पुरती उतरत नाही. त्यातल्या काहींची स्टेरॉइडने उतरते. स्टेरॉइड म्हणजे दाहावरचं जुनं औषध. मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढण्याची जोखीम असते, म्हणून जपून देतात. पण त्याने सूज उतरते, हीच त्या डोळ्यांत दाह असल्याची साक्ष. ज्या 'आयटिस'ला आपण नावातून काढलं, त्याच्यावर आज सुई जाते.

आणि शोध घ्यायचा तर तो अजूनही हेल्महोल्ट्झच्याच वाटेने घ्यावा लागतो: बाहुलीतून आत बघून. टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वेळी पडदा तपासायचा, कारण आजार कधी सुरू झाला हे माहीत नसतं. त्यानंतर साधारण दरवर्षी, किंवा डॉक्टर सांगतील तसं. टाइप १ असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत. मधुमेही बाईला दिवस गेले तर सुरुवातीच्या महिन्यांतच. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. 'मला स्वच्छ दिसतं' हाही पुरावा नव्हे. मामांना आदल्या रात्रीपर्यंत पेपर वाचता येत होता.

आपल्या देशात २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अंदाजानुसार १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. चेन्नई शहरातल्या 'क्युअर्स' अभ्यासात शंभर मधुमेहींमागे जवळजवळ १८ जणांच्या पडद्यात विकार सापडला होता. एवढ्या लोकांच्या डोळ्यात दरवर्षी डोकवायचं म्हणजे डॉक्टर कुठून आणायचे? म्हणून रक्ताच्या एका थेंबात उत्तर मिळावं ही इच्छा अगदी खरी आहे, आणि त्यावर काम करणाऱ्यांना मी हसत नाही. उद्या अशी खूण सापडेलही. आज ती नाही.

गेल्या महिन्यात मामांना दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीला मी स्वतः घेऊन गेलो. थेंब घातल्यावर ते हात धरून बाकावर बसले होते. म्हणाले, "अरे, दिवसभर धूसर दिसतं म्हणून टाळत होतो मी." मग जरा थांबून म्हणाले, "तू तुझ्या त्या कार्यक्रमात सांग लोकांना." तर मंडळी, सांगितलं. घरात कोणाला शुगर असेल तर त्यांना आजच विचारा की पडदा शेवटचा कधी तपासला. आणि तपासणीच्या दिवशी गाडी चालवायला तुम्ही जा.

भेटू पुढच्या भागात.